चमचा कुठला, गाव कुठलं, तारीख कुठली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेटवरच्या माहितीविषयी वाचकांच्या पत्रांत दोनच सूर निघतात. 'आता सगळं नेटवर मिळतं' हा एक आणि 'नेटवरच्या कशावरही विश्वास ठेवू नका' हा दुसरा. ग्रंथालयाच्या देवघेव टेबलावर बसणाऱ्याला दोन्हींचा उपयोग नाही. समोरचा वाचक मोबाइल पुढे करून विचारतो, "ही साइट खात्रीची आहे का हो?" त्याला धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही. आपल्याला त्या पानावरचं एखादंच वाक्य वापरायचं असतं आणि खात्री त्या वाक्याची करायची असते. नामांकित साइटवरचं बिनचूक वाक्यसुद्धा आपल्या घरात, आपल्या तालुक्यात किंवा या वर्षी चुकीचं ठरू शकतं. ते घसरतं त्या जागा बहुतेक वेळा ठरलेल्या असतात. माप, ठिकाण आणि तारीख.

मापाचं बघा. जुलाब झालेल्या मुलासाठी घरी करायच्या जलसंजीवनीची कृती मराठीत शेकडो पानांवर आहे. १ लीटर उकळून गार केलेलं पाणी, ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. कृती बरोबर आहे. पण मूळ इंग्रजी सूचनेत हा चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट भरलेला चहाचा चमचा. मराठीत येता येता आधी 'सपाट' गळतं, मग 'चहाचा' गळतं आणि उरतो नुसता 'चमचा'. आपल्याकडे चमचा म्हटलं की एका घरात चहाचा निघतो, दुसऱ्या घरात पोह्यांचा. पोह्यांचा मोठा चमचा १५ मिलीपर्यंत जातो, म्हणजे थेट तिप्पट. चहाच्या अर्ध्या सपाट चमच्यात साधारण ३ ग्रॅम मीठ बसतं; पोह्यांच्या अर्ध्या चमच्यात ९ ग्रॅमपर्यंत. लिटरला ९ ग्रॅम म्हणजे शिरेतून लावतात त्या सलाइनइतकं खारट पाणी आपण तान्ह्या मुलाला पाजतो. त्याने रक्तातलं सोडियम वाढू शकतं आणि लहान मुलात ते धोक्याचं असतं. साखर तिप्पट झाली तर आणखी एक घोळ: दाट साखरपाणी आतड्यात पाणी ओढून घेतं आणि थांबवायला घेतलेले जुलाब वाढतात. हे सगळं एका गळलेल्या शब्दामुळे.

ताडून बघायला आधार हवा तो ओआरएसच्या, म्हणजे तयार जलसंजीवनीच्या, पुडीवर छापलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राप्रमाणे १ लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं, एकूण २०.५ ग्रॅम. घरच्या मिश्रणात पोटॅशियम नसतं, म्हणून पुडी मिळत असेल तर पुडीच घ्यावी. ती एकदम पूर्ण लिटरभर पाण्यात ओतायची. चिमूट चिमूट पेल्यात टाकून उरलेली गुंडाळून ठेवली, तर प्रत्येक पेल्यात क्षारांचं प्रमाण वेगळं येतं. बाजारात २०० मिलीची छोटी पुडीही असते, आणि 'पुडी एक लिटरची असते' एवढंच वाचलेला माणूस तीही लिटरभर पाण्यात टाकतो. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यावं. आणि या कृतीच्या पानाला तारीखही लागते: नावात 'ओआरएस' मिरवणारी पण या सूत्रात न बसणारी गोड पेयं बाजारात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तशी नावं वापरायला मनाई केली. त्याआधीच्या लेखांत ही पेयं सर्रास सुचवलेली आढळतील.

मापाची गल्लत स्वयंपाकातही होते, तिथे नुकसान फक्त केकचं. अमेरिकी 'कप' सुमारे २४० मिलीचा, आपली वाटी मात्र घरागणिक वेगळी. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलीचा, इतर बहुतेक ठिकाणी १५चा. ओव्हनचं तापमान ३५० लिहिलेलं असेल तर ते फॅरनहाइट, म्हणजे आपल्या ओव्हनवर १७५ ते १८० सेल्सिअस.

शेतीत मात्र मापाची चूक पीक जाळते. पिकावरच्या बुरशीसाठी फवारतात ते बोर्डो मिश्रणच घ्या. १ टक्का फवारणीसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लीटर. बुंध्याला लावायची बोर्डो पेस्ट १० टक्क्यांची: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी फक्त १० लीटर. दोन्ही कृती एका परिच्छेदात कोंबल्या आणि पुढच्या नकलाकाराने एक शून्य गाळलं, की पेस्टचं प्रमाण फवारणीच्या नावाखाली फिरायला लागतं. हे ताडायला कृषी विद्यापीठ गाठावं लागत नाही. टक्क्यांचा हिशेब स्वतः करा: १०० लीटर पाण्यात १ किलो म्हणजे १ टक्का. पानावरचा टक्का आणि किलो-लीटर जुळत नसतील तर ते पान बंद करा, मग खाली कुणाचंही नाव असो.

चांगलं पान ओळखायची दुसरी खूण म्हणजे ते काय बिघडतं तेही सांगतं. मोरचूद अर्ध्या पाण्यात, चुना उरलेल्या अर्ध्या पाण्यात वेगवेगळे विरघळवायचे, भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यायची, कारण लोखंडी, जस्ती पत्र्याच्या पिंपाशी मोरचुदाची अभिक्रिया होते. चुना फडक्यातून गाळायचा, नाहीतर नोझल तुंबतं. मग दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्या पिंपात सोडत काठीने ढवळत राहायचं. तयार मिश्रणात स्वच्छ घासलेला विळा किंवा लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं करपतील. थर चढायचा थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालायची. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. विळ्याची ही चाचणी ज्या पानावर नाही, ते बहुतेक वेळा बोर्डो कधीही न कालवलेल्या माणसाने लिहिलेलं असतं. 'किती घ्या' हे नक्कल करता येतं. 'चुकलं तर कसं ओळखायचं' हे सहसा हात घातलेला माणूसच लिहितो. ही खूण शेतीपुरती नाही. शिवण, विजेची दुरुस्ती, लोणचं, सगळीकडे चालते.

कीटकनाशकांबाबत आणखी एक घोटाळा नेहमीचा: हेक्टर आणि एकर. केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या तक्त्यांत मात्रा हेक्टरी असते आणि १ हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. हेक्टरी ५०० मिली हे 'एकरी ५००' असं वाचलं की अडीच पट औषध पडलं. हेक्टरी ५०० मिली औषध ५०० लीटर पाण्यात सांगितलं असेल, तर लिटरला १ मिली, १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. पंप बदलून कमी पाण्याचा घेतला तर लिटरमागे प्रमाण बदलतं, एकरी औषध तेवढंच राहतं. त्याच तक्त्यात पीक, कीड आणि फवारणी ते काढणी यांमध्ये किती दिवस थांबायचं हेही दिलेलं असतं. साइटवरच्या सल्ल्यात हा शेवटचा आकडा नसेल, तर डबीवरचं लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नये. लेबलावरच्या चौकोनातला लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते काही जुनं झालेलं नाही.

आता ठिकाण. विंचू चावला म्हणून इंग्रजीत शोध घेतला, की वर येतात अमेरिकी रुग्णालयांची पानं. त्यांत लिहिलंय की बहुतेक दंशांना उपचार लागत नाहीत, बर्फ लावा, वेदनाशामक घ्या. तिथल्या विंचवांपुरतं ते बरोबर आहे. आपल्या कोकणातला लाल विंचू वेगळा. त्याच्या विषाने दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी होऊ शकतं. यावर प्राझोसिन हे औषध चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. त्यांचं लेखन १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. म्हणजे जगाने जे महाडकडून घेतलं ते महाडचाच माणूस परदेशी पानावर शोधतो आणि त्याला मिळतो बर्फाचा सल्ला. लाल विंचवाच्या दंशाला, विशेषतः मुलांच्या बाबतीत, घरी वाट बघायची नसते. दवाखाना गाठायचा असतो.

सर्पदंशाचंही तसंच. ऑस्ट्रेलियातली पानं चावलेल्या हातापायाला खालपासून वरपर्यंत दाबपट्टी घट्ट गुंडाळायला सांगतात. तिथले विषारी साप मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करणारे, त्यामुळे तिथे ते ठीक. आपल्याकडच्या चार प्रमुख सापांत नाग आणि मण्यार यांच्याबरोबर घोणस आणि फुरसंही आहे. त्यांच्या दंशाची जागा सुजते, मांस कुजायला लागतं आणि घट्ट बांधलेल्या पट्टीने ते आणखी बिघडतं. म्हणून आपल्याकडची सूचना साधी: धीर द्या, अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, चालवू नका, प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. चिरणं, चोखणं, दोरी आवळणं ही तीन कामं अजूनही काही मराठी पानांवर आहेत. ती कुठल्याच देशात बरोबर नाहीत.

तिसरी जागा तारखेची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं '४२०' आता कलम ३१८ मध्ये गेलं, खुनाचं ३०२ आता १०३ झालं. कायद्याचा सल्ला देणारी असंख्य मराठी पानं मात्र अजून जुन्याच कलमांवर उभी आहेत. त्यातही मेख अशी, की त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो, त्यामुळे जुनं पान सरसकट टाकाऊही नाही. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना तर हे रोज नडतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाल्यापासून राज्यात जिल्हे ३६. त्याआधीच्या टिपणांत ३५. औरंगाबाद आणि अहमदनगर ही जिल्ह्यांची नावं ज्या पानावर तशीच आहेत ते पान केव्हाचं हे वेगळं सांगायला नको. काही साइट पान उघडलं की वर आजची तारीख आपोआप दाखवतात. ती मजकुराची तारीख नव्हे. मजकुराचं वय मजकुरातूनच काढावं लागतं, आणि त्यासाठी अशी बदललेली नावं, कलमं, दर चांगले उपयोगी पडतात. अगदीच अडलं तर इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर त्या पानाचा पत्ता टाकावा. तेच पान पाच वर्षांपूर्वी कसं होतं ते बऱ्याचदा दिसतं.

विश्वकोशाबद्दल इथेच लिहिलं पाहिजे, कारण वाईचं हे काम आम्हा सातारकरांना जवळचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेले मराठी विश्वकोशाचे खंड आज संकेतस्थळावर फुकट वाचता येतात आणि मराठीत त्याच्या तोडीचं संदर्भसाधन दुसरं नाही. पण पहिला खंड १९७६चा आहे. धातुविज्ञान, व्याकरण, संतवाङ्मय, वनस्पतींची ओळख यांसाठी तो डोळे मिटून उघडावा. लोकसंख्या, कायदे, खगोल यांसाठी नोंदीचं वय बघूनच. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं. प्लूटोच्या शोधापासून (१९३०) तोवर छापलेल्या ग्रंथात नऊ ग्रह असणारच, त्यात ग्रंथाचा दोष नाही. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोश-संग्रहात शोधता येतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची. तिच्यातला अर्थ हा त्या काळचा अर्थ.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्याला नावं ठेवण्यापेक्षा वापरायचा कसा ते मुलांना शिकवावं. लेखाच्या वर 'इतिहास' नावाचा दुवा असतो: कोणत्या दिवशी कोणी काय बदललं ते तिथे ओळीने दिसतं. 'चर्चा' पानावर वाद दिसतात. वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असेल तर ते वाक्य उतरवून घ्यायचं नाही. संदर्भ दिलेला असेल तर तो उघडायचा आणि त्यात खरोखर तेच म्हटलंय का ते बघायचं. इथे वृत्तपत्रांनाही एक टोमणा मारावासा वाटतो. घाईत विकिपीडियावरची चुकीची जन्मतारीख बातमीत येते, मग त्याच बातमीचा हवाला विकिपीडियावर चढतो आणि चूक पक्की होते. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, जमिनीवर पाय कुणाचाच नाही.

अशीच गंमत 'दहा साइटवर वाचलं' या म्हणण्यात असते. दहा साइट म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. त्या मजकुरातलं एखादं वेडंवाकडं वाक्य, शक्यतो शुद्धलेखनाच्या चुकीसकट, दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधा. दहाही पानांवर तीच चूक निघाली तर साक्षीदार एकच आहे आणि बाकीचे नऊ त्याचे नकलाकार.

मराठीतून शोधताना आणखी एक अडचण येते, ती फारसं कुणी सांगत नाही. जुन्या सरकारी पीडीएफ आणि मासिकांचे अंक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, शोधयंत्राला ते निरर्थक रोमन अक्षरं वाटतात. काही नुसती स्कॅन केलेली चित्रंच आहेत. तेव्हा 'नेटवर काही सापडलं नाही' याचा अर्थ 'नाही' असा धरू नये. दुसरं, १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीचं काही शोधायचं असेल तर 'नाव' बरोबर 'नांव', 'पाच' बरोबर 'पांच' असंही शोधावं लागतं.

सरकारी म्हणून जे येतं त्यासाठी दोन कसोट्या आहेत. पहिली पत्त्याची. सुरुवातीची तिरकी जोडरेघ (//) सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ (/) येते, तिच्या लगेच डावीकडचे शब्द वाचायचे, तेही उजवीकडून डावीकडे. तिथे 'डॉट गव्ह डॉट इन' (.gov.in) किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' (.nic.in) असेल तर पत्ता सरकारी; हे शेपूट खाजगी माणसाला मिळत नाही. 'गव्ह' शब्द मध्येच कुठेतरी असून शेवट 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' किंवा 'डॉट ऑनलाइन' असेल, किंवा टिंबाऐवजी आडवी रेघ देऊन 'सातबारा-गव्ह डॉट इन' असं काही असेल, तर तो पत्ता कुणीही काही शे रुपयांत विकत घेतलेला असू शकतो. 'डॉट ऑर्ग' म्हणजे धर्मादाय संस्था हा समजही खोटा. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' असं वेगळं शेपूट आणलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना त्यावर यायला सांगितलं. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे चोर असला तरी कुलूप लागतंच. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढूनही टाकलं.

दुसरी कसोटी शासन निर्णयाची, आणि ही प्रत्येक कर्मचाऱ्याने, शिक्षकाने, बचत गटाच्या अध्यक्षांनी पाठच करावी. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या जीआरच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: हा शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा संकेतांक १८ अंकी असतो. पहिले चार अंक वर्ष, पुढचे दोन महिना, पुढचे दोन दिवस. अगदी शेवटचे दोन अंक विभागाचे. २०२४०७०१ ने सुरू होणारा संकेतांक म्हणजे १ जुलै २०२४. वर छापलेली तारीख आणि हे आठ अंक यांत मोठी तफावत असेल किंवा अंक सतराच भरत असतील, तर कागदाकडे संशयाने बघावं. मग शासन निर्णयांच्या साइटवर तोच संकेतांक टाकून प्रत स्वतः उतरवून घ्यावी आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावी. कधीकधी संकेतांक खरा असतो, मधला एक परिच्छेद बदललेला असतो. प्रत अस्सल निघाली तरी काम संपत नाही. जीआरच्या सुरुवातीला 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते, त्यावरून मागचं कळतं; पुढचं, म्हणजे नंतर शुद्धिपत्रक निघालं की निर्णयच अधिक्रमित झाला, म्हणजे त्याची जागा नव्या निर्णयाने घेतली, ते जुन्या कागदावर कुठेही उमटत नाही. त्यासाठी त्या विभागाचे नंतरचे निर्णय विषयाच्या शब्दाने शोधावे लागतात.

सातबाऱ्याचंही थोडक्यात. महाभूलेखवर फुकट दिसतो तो उतारा माहितीपुरता. कामासाठी लागतो तो डिजिटल स्वाक्षरीचा, १५ रुपये भरून सरकारी साइटवरूनच मिळणारा आणि पडताळणी क्रमांक असलेला. मधली खाजगी ॲप जादा पैसे घेऊन पहिलाच हातात ठेवतात. ग्राहक सेवेचा फोन नंबर तर शोधयंत्रातून कधीच घेऊ नये. कार्डाच्या पाठीवर, पासबुकावर, बिलावर असतो तोच. फसलाच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा नंबर लावा.

एआयचे सारांश आता शोधाच्या डोक्यावरच बसलेले असतात, म्हणून त्यांच्याबद्दल दोन ओळी. मे २०२४ मध्ये गूगलच्या अशाच सारांशाने पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये बिनविषारी गोंद घालायला सांगितलं; मूळ होतं रेडिट या चर्चेच्या साइटवर कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी केलेला विनोद. सारांश वाचायला हरकत नाही. पण त्यात आकडा असेल तर खालचा दुवा उघडून, 'पानात शोधा' वापरून तो आकडा तिथे आहे का ते बघावं. पुष्कळदा असतो, पण दुसऱ्याच वस्तूचा.

संपादक महोदय, एवढं लिहायचं कारण तुमच्याकडे एक मागणी आहे. वृत्तपत्रांत 'अधिक माहिती संबंधित संकेतस्थळावर उपलब्ध' असं छापलं जातं. संबंधित म्हणजे कुठलं? वाचक मग शोधयंत्रात नाव टाकतो आणि वरची 'प्रायोजित' जाहिरात उघडतो. कृपया पत्ता पूर्ण छापा, जसा टंकायचा तसा. शासन निर्णयाच्या बातमीत दिनांकाबरोबर १८ अंकी संकेतांक छापा. अर्धी ओळही लागत नाही आणि बनावट प्रतींची अर्धी हवा तिथेच जाते. ऑनलाइन बातमी मागाहून दुरुस्त केली तर काय बदललं आणि कधी, ते खाली राहू द्या. औषधाचं प्रमाण एकरी की हेक्टरी, ते प्रत्येक वेळी लिहा.

आरोग्य आणि शेतीच्या पानांपासून सुरुवात झाली तर बरं. उन्हाळा लागला की जलसंजीवनीची चौकट तुम्ही छापताच. या वेळी 'अर्धा चमचा मीठ' याच्यापुढे '२.५ मिली, सपाट' एवढे शब्द वाढवा.

कळावे,
आपले,
सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणारे काही ग्रंथपाल,
सातारा जिल्हा